मालकीणबाई जिन्यात काय विचारतात?

पत्र : ताई, मी मिरजेची, वय ३४. अकरा वर्षं तिथल्या एका मराठी शाळेत प्राथमिक शिक्षिका होते. गेल्या डिसेंबरात मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही बंगळुरूला आलो. विजयनगरात भाड्याने राहतो, खाली मालक, वर आम्ही. हे सकाळी साडेसातला मेट्रोने व्हाइटफील्डला जातात, रात्री साडेआठला येतात. मुलगी पहिलीत आहे, ती मजेत आहे. मीच नाही. इथलं सांबार गोड. भाषा कळत नाही. रिक्षावाल्याशी बोलायची धास्ती वाटते, भाजीसुद्धा मोबाइलवरून मागवते. मालकीणबाई रोज सकाळी जिन्यात अडवून 'तिंडी तिंडी' असं काहीतरी विचारतात, मी हसून वर पळते. दिवसातून तीनदा आईला व्हिडिओ कॉल करते आणि ठेवला की रडते. दुपारभर झोपून राहते. हे म्हणतात, होईल सवय. आठ महिने झाले, झाली नाही. आता गौरी-गणपती आले, त्या विचारानेच पोटात गोळा येतो. मुलीला घेऊन मिरजेला परत जाऊ का? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला अगं-तुगंच करा.

उत्तर :

अगं, तुझ्या बाकीच्या प्रश्नांआधी जिन्यातलं कोडं सोडवते, कारण पत्र वाचल्यापासून मला तेच सुचत होतं. माझी भाची तेरा वर्षं बंगळुरूत आहे. तिला फोन लावला आणि 'तिंडी तिंडी' एवढंच सांगितलं. ती हसत सुटली. म्हणाली, "मावशी, 'तिंडी आयता?' विचारत असतील गं."

तिंडी म्हणजे न्याहारी. आयता म्हणजे झाली का. आठ महिने ती बाई तुला रोज सकाळी 'नाश्ता झाला का?' असं विचारतेय आणि तू हसून पळतेयस. तिच्या मनात काय येत असेल? एक तर ही पोर फार लाजरी आहे, नाहीतर हिच्याकडे नाश्ता होतच नाही.

उत्तर दोन शब्दांचं आहे. "आयतु. निम्दु?" झाला, तुमचा? उद्या सकाळी एवढं म्हण. पुढे त्या जे काही भराभर बोलतील त्यातलं एक अक्षर कळणार नाही, तेव्हा मग खुशाल हस. पण पळू नकोस.

आता तुझं पत्र. ते मी दोनदा वाचलं. तक्रारी तू सांबार, भाषा आणि रिक्षावाल्याबद्दल लिहिल्या आहेस. मला मात्र पहिल्या ओळीतली 'अकरा वर्षं' बोचली. मिरजेत तू घरातून मंडईपर्यंत गेलीस तर वाटेत किती जण 'बाई, नमस्कार' म्हणत असतील? एखादा रिक्षावाला तुझाच जुना विद्यार्थी निघत असेल. किराणावाला यादी न बघता सामान बांधत असेल. आणि आता एका शहरात, जिथे एक कोटीहून जास्त माणसं राहतात, तिथे तुला 'बाई' म्हणणारं कुणीही नाही. तुला मिरज आठवते हे खरंच आहे, पण त्याहून जास्त तुला तिथल्या 'बाई', म्हणजे तू स्वतःच, आठवतात. सांबारातला गूळ काढून टाकला तरी हे दुखणं जाणार नाही.

म्हणून तुझ्या यजमानांचं 'होईल सवय' मला फारसं पटलं नाही. रागावू नकोस, त्यांनाही वाचून दाखव. त्यांची नोकरी बदलली, पण त्यांचं काम तेच राहिलं. ऑफिसात हिंदी-इंग्रजीवर निभावतं, तिथे त्यांना नावाने ओळखणारे लोक आहेत, डबा खायला टोळकं आहे. तुझं काम गेलं, भाषा गेली, ओळख गेली, आणि वर सवय करून घ्यायची जबाबदारीही तुझ्यावरच आली. सवय आपोआप होते ती पंख्याच्या आवाजाची. माणसांची सवय करायला माणसं समोर यावी लागतात, आणि तुझा दिवस तर दार लावून जातो.

माझंच सांगते. १९८४ साली लग्न होऊन मी चिपळूणहून नागपूरला गेले. यांची बँकेची नोकरी. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. एसटीने मुंबई, तिथून रेल्वे, असं दीड-दोन दिवसांचं प्रकरण. पण राज्य आपलंच, भाषा मराठीच, म्हणून मी निर्धास्त होते. दुसऱ्याच दिवशी बाजारात गेले तर भाजीवाली म्हणाली, "सांबार पायजे का बाई?" मला वाटलं, ही आमटी विकतेय. मी नको म्हणाले. पुढे महिनाभर मी त्या बाजारात कोथिंबीर शोधत होते आणि विचारायची लाज वाटत होती. शेजारच्या काकूंना एकदा म्हटलं, "काय तुमचं नागपूर, साधी कोथिंबीर मिळत नाही!" त्यांनी डोक्याला हात लावला. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. महिनाभर जुड्या माझ्या नाकासमोर होत्या. दिसतही होत्या, पण मी त्यांना वेगळाच पाला समजून पुढे जात होते, कारण बाई दुसरं काहीतरी नाव घेत होती.

त्याच काकू मला एकदा फाडकन बोलल्या होत्या. मी सारखं 'आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं' करायची. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे, तुमच्याकडे… मग इथे कोण राहून राहिलं?" चार दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी त्यांनीच वाटीभर पोपटीच्या दाण्यांची उसळ पाठवली. पोपटी म्हणजे वालाच्या जातीच्या शेंगा, हेही परत कुणाला तरी विचारावं लागलं.

तुझं त्या मानाने सोपं आहे बघ. बंगळुरूत कोथिंबिरीला 'कोत्तंबरी' म्हणतात. कोशिंबिरीला 'कोसंबरी', तुपाला 'तुप्पा'. हॉटेलच्या पाटीवर 'वांगी बाथ' लिहिलेला असतो, वाचला असशील. कानडीत वांग्याला बदनेकाई म्हणतात. पाटीवरचं वांगं आपलं आहे, आपल्या आधीच तिथे जाऊन बसलंय.

तुझ्या नातेवाइकांपैकी कुणीतरी 'अगं, बंगळुरू तर शहाजीराजांची जहागीर!' असंही सुनावलं असेलच. होती, १६३८ पासून. पण दुपारी झोपून न राहता करावं असं त्याने तुला काही मिळत नाही. अशा अभिमानाने पोट भरत नाही, पण खानावळीने भरतं, म्हणून खानावळीकडे वळते.

बंगळुरूत गेलं की आपली माणसं 'महाराष्ट्रीयन थाळी' शोधतात. मग पनीर घातलेलं काहीतरी पुढ्यात येतं आणि अजूनच उदास व्हायला होतं. तू ते करू नकोस. तू 'उत्तर कर्नाटक खानावळ' अशी पाटी शोध. शब्दसुद्धा खानावळच आहे. तिथे जोळद रोट्टी मिळेल, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. एण्णेगायी म्हणजे भरल्या वांग्याची सख्खी बहीण. शेंगा चटणी म्हणजे शेंगदाण्याची चटणी, आणि तिला तिखट म्हणावं असं तिखट असतं. ती खानावळ चालवणारा माणूस विजयपूर, बागलकोट नाहीतर तुमच्या शेजारच्या अथणीचा असायची दाट शक्यता. अथणीची, चिकोडीची माणसं मिरजेला दवाखान्याला येतात, हे मी तुला काय सांगू! डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून तिकडचं आजारपण तुमच्या गावात येतंय. तू लहानपणापासून स्टँडवर, दवाखान्याच्या दारात, मंडईत कानडी ऐकत आलीस. तुला ती ऐकायची कधी गरज पडली नाही, एवढंच.

आणि गंमत माहीत आहे? अथणीहून बंगळुरूला गेलेली बाईही तुझ्यासारखीच चरफडते. तिलाही सांबार गोड लागतं. तिलाही भाताचा कंटाळा येतो. तिच्या कानडी बोलीला बंगळुरूची माणसं हसतात. तुझं गाव राज्याच्या सीमेवर येऊन संपतं असं नकाशात दिसतं, पण भाकरीच्या हिशेबाने ते पार विजयपूरपर्यंत पसरलंय. बंगळुरूत महाराष्ट्र मंडळही आहे, तिथेही जा. पण महिन्यातून एकदा. रोज मंडळात जाऊन बसलीस तर तू बंगळुरूत राहणार नाहीस, मंडळात राहशील.

भाषेबद्दल थोडं कडक बोलते. कानडी शीक. 'सगळ्यांना हिंदी येते' या भरवशावर राहू नकोस. मुंबईत वीस वर्षं राहून मराठी न शिकलेल्या माणसाबद्दल आपण काय बोलतो ते आठव. आपल्याकडे बेळगावाचा विषय निघाला की आवाज चढतो, मिरजेकडे तर जास्तच, हे मला ठाऊक आहे. पण मालकीणबाई जिन्यात न्याहारीचं विचारतात तेव्हा त्या सीमाप्रश्न विचारत नसतात.

शिकायचं कुणाकडून? तुझ्याच घरात आहे की मास्तरीण. कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकवावंच लागतं, त्यामुळे लेकीच्या दप्तरात पहिलीचं पुस्तक आहे. ते उघड. अ आ इ ई, क ख ग घ, क्रम तोच. ए आणि ओ मात्र त्यांच्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे. बाराखडीला ते कागुणित म्हणतात. पहिलीला अकरा वर्षं बाराखडी घोकून घेणाऱ्या बाईंना हे जड जाणार नाही, आणि जड गेलं तर मी पत्रातून पट्टी दाखवीन. रोज संध्याकाळी अर्धा तास ती बाई आणि तू विद्यार्थिनी. तिला चुका काढू दे. लेकरं ते काम फार मन लावून करतात. एक दिवस बसची पाटी तू वाचशील. समोरून येणारी गोल गोल अक्षरं अचानक 'मेजेस्टिक' म्हणतील, म्हणजे तिथलं मोठं बसस्टँड. तो क्षण तुला ओळखीचा आहे. अकरा वर्षं तू तो दुसऱ्यांच्या पोरांच्या चेहऱ्यावर बघत आलीस.

आता मोबाइलवरची भाजी. ती बंद कर. वाणसामान मागव, गॅसचं मागव, भाजी आणि फुलं नको. दहा मिनिटांत भाजी दारात येते, पिशवी ठेवून मुलगा निघून जातो, आणि सकाळी साडेसातपासून लेक शाळेतून येईपर्यंत तुझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडत नाही. मग आईला फोन लावला की सगळं एकदम बाहेर येतं. रडू नाही येणार तर काय?

विजयनगर काही काचेच्या इमारतींचं बंगळुरू नाही, तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर फुलवाल्या बसतात. एक निवड. एकच, आणि रोज साधारण त्याच वेळी जा. तिथे ओवलेली फुलं मोळावर मिळतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. फुलवाली पाटीतून माळेचं टोक उचलते, कोपराशी धरते, बोटापर्यंत ताणते, पुन्हा कोपराशी नेते, आणि शेवटी दोन बोटं जास्तीची सोडून दोरा तोडते. दुसरीच्या गणितात वीत, हात, पाऊल ही मापं तू शिकवली असशीलच. तिथे ती अजून बाजारात चालू आहेत. जाऊन म्हण, "ओंदु मोळा, एष्टु?" एक हात, केवढ्याला? ती आकडा सांगेल, तो कळणार नाही. नोट पुढे कर, उरलेले पैसे मोज, आकडा आपोआप कळेल. आठवडाभराने ती तुला बघून न विचारता माळ उचलेल. मला विचारशील तर त्या दिवशी तू बंगळुरूत राहायला आलीस असं धर.

सांबारातला गूळ काही जाणार नाही. पण चार दिवसांनी तिकडचा इडलीवाला तुला बिनसांबाराची, नुसत्या चटणीची प्लेट देऊ लागेल. 'सांबार बेडा' म्हणायचं. बेडा म्हणजे नको. हा शब्द फार उपयोगी आहे. दुसरा 'साकु', म्हणजे पुरे. कुणी आग्रह करू लागलं की लागतो, आणि तुझ्या मालकीणबाई आग्रह करणार असं मला दिसतंय.

आईचे फोन. तीनाचा एक कर, संध्याकाळचा ठेव. एकदम तोडू नकोस, ती बिचारी तिकडे मोबाइल हातात घेऊन बसलेली असेल. फक्त आधी ठरव की आज तिला काय सांगायचं. आता तू फोन करतेस ते मिरजेची बातमी घ्यायला. अंगणात काय फुललं, कोण आलं, कुणाचं लग्न ठरलं. तुझ्याकडून तिला देण्यासारखं काहीच नसतं, मग दोघी एकमेकींकडे बघून डोळे पुसता. उद्या तिला 'तिंडी'ची गोष्ट सांग. ती अख्ख्या गल्लीला सांगेल.

दुपारच्या झोपेबद्दल मला हलक्यात बोलायचं नाही. जेवणावरची वासना गेली असेल, रात्री झोप लागत नसेल, जगण्यातच राम वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर फुलवालीने ते बरं होणार नाही. त्याला डॉक्टर लागतो. सरकारची 'टेलिमानस' ही फुकट फोनसेवा आहे, १४४१६ या नंबरवर, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. निमहान्स तर तुझ्याच शहरात आहे, मनाच्या आजारांसाठी देशभरातून माणसं तिथे येतात. जायला लागलं तर लाजू नकोस. ताप आला की मिरजेत दवाखान्यात जायचीसच ना.

कामाचं मनात असेल, लिहिलं नाहीस तरी. आता लगेच नोकरी शोधायला लागू नकोस. पण तुझ्या भागात, लेकीच्या शाळेत, मराठी बोलणारी आणि मराठी वाचता न येणारी पोरं असणारच. शनिवारी दोन तास, दोन-तीन पोरं, तुझ्याच हॉलमध्ये, सतरंजीवर. पैसे घे. थोडे घे, पण घे. फुकट शिकवलंस की आया 'आज जमणार नाही' म्हणतात. आणि त्या दारातून कुणीतरी 'बाई, आत येऊ का?' असं विचारेल. मला वाटतं तुला हे वाक्य ऐकून आठ महिने झाले.

तो शनिवार यजमानांनी सांभाळायचा. स्वयंपाक, लेकीचं जेवण, सगळं. मेट्रोची पर्पल लाइन २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंत जोडली गेली म्हणून निदान साडेआठला तरी घरी पोचतात, नाहीतर त्या ट्रॅफिकमध्ये काय झालं असतं! पण शनिवार-रविवार ते 'दमलोय' म्हणून टीव्हीपुढे बसत असतील तर हे चालायचं नाही. त्यांच्याकडे आणखी एक माग, तारीख. पुढच्या मे महिन्यात, लेकीची पहिली संपली की, दोघांनी बसून बोलायचं, इथे राहायचं की परतायचं. खरोखर बोलायचं, म्हणजे 'परत' हे उत्तरसुद्धा ऐकून घ्यायची तयारी ठेवून. मी तुला आज जा म्हणत नाही, कारण आजची तू बंगळुरू सोडणार नाहीस, तो जिना सोडून पळशील. आणि लेकीचं वर्ष मधेच मोडेल. पण मे महिन्यात, चार माणसं ओळखीची झाल्यावरही तुला मिरजच हवी असेल, तर ते हरणं नाही. मी स्वतः नऊ वर्षांनी नागपूर सोडलं, तेव्हा मात्र काकूंच्या गळ्यात पडून रडले. काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आता तिकडे जाऊन 'आमच्याकडे' म्हणून आमचं सांगशील."

राहिले गौरी-गणपती. नीट ऐक. कर्नाटकात गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आपल्या हरतालिकेच्या दिवशी. आपल्या गौरी मागून येतात. म्हणजे मालकीणबाईंची गौर आधी, तुझी नंतर. त्या दिवशी तिकडे बायका एकमेकींना बागिन देतात, सुपात घालून द्यायचं वाण. भाडेकरणीलाही बोलावण्याची पद्धत आहे, तेव्हा तुला हाक येईल. गेल्यावर वाकून नमस्कार कर, जे हातात देतील ते घे, आणि घरी न्यायला म्हणून डबा बरोबर ठेव.

मग तुझ्या गौरी येतील तेव्हा त्यांना वर बोलाव. आवाहनाच्या दिवशी, पुरणाच्या नाही. पुरणपोळीचं त्यांना अप्रूप नसणार, त्यांच्याकडे होळिगे असतेच. भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतेस ना, त्या दिवशी बोलाव. दक्षिण कर्नाटकातलं घर असेल तर त्यांची सवय रागीची, म्हणजे नाचणीची, असेल, ज्वारीची भाकरी हातावर थापताना बघायला त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहतील. पीठ कुठेही मिळेल, 'जोळद हिट्टु' म्हणून माग. आणि शेपूला तिकडे 'सब्बसिगे सोप्पु' म्हणतात. लिहून ठेव, नाहीतर माझ्या कोथिंबिरीसारखं होईल.